सतराच्या आत

श्रीखंडाच्या डब्यात एकेचाळीस नग.
रेवदंड्याच्या खाडीत तिसऱ्या काढताना
सुनेच्या कोयत्याला लागले,
बुधीबाय नाखवा ते घेऊन आली.
"मना वाटला, बटना हान कुनाची."
डबा ओट्यावर ठेवला, पाटी उचलली, बाजाराला गेली.

माझ्याकडेच का, तर मी तीस वर्षं लेथवर होतो
आणि घरी व्हर्नियर आहे.
चेहऱ्यांतलं मला कळत नाही.
झिजले की सगळे बादशहा एकाच आईचे.
माप कळतं.

पाच आठवडे डिस्टिल्ड पाण्यात. दर गुरुवारी बदललं.
आधी कोऱ्या चहासारखं, मग शेवाळी,
मग एका गुरुवारी नुसतंच पाणी.
एक नाणं मात्र तिनं आधीच घासून आणलेलं,
चिंच-मीठ लावून, देवाच्या तांब्यासारखं.
लख्ख, गुलाबी,
आणि त्यावर कोणीही नाही.
मी काही बोललो नाही. वेगळ्या वाटीत ठेवलं.

पुस्तकात लिहिलंय:
पंचवीस मिलिमीटरच्या वर, तो पहिला.
एकवीसपर्यंत दुसरा. सतरापर्यंत तिसरा.
सतराच्या आत सगळे चौथे.
एवढंच. हीच त्यांची नावं.
खरी नावं दोन-चार उरलीत कुठल्या कायद्याच्या पोथीत,
पण कुठलं नाव कुठल्या तुकड्याचं
यावर शहाण्यांची भांडणं मिटलेली नाहीत.
म्हणजे बंदरावर कोणी हाक मारली असेल,
"अरे, तुझा तो पडला बघ",
तर 'तो' च्या जागी काय म्हणाला,
ते गेलं.

अठरा पूर्णांक दोन. तिसरा.
दोन शिपाई, मध्ये दोन झेंडे.
पंधरा पूर्णांक सहा. चौथा.
तेच दोन शिपाई, मध्ये एकच झेंडा.
नाणं आकसलं, एक झेंडा कमी केला,
शिपाई तेवढेच ठेवले.
(आमच्या कारखान्यात उलटं झालं होतं.)
नऊ पूर्णांक एक. मसुराची डाळ जरा मोठी.
भिंगाखाली फुली, फुलीभोवती पानांचा वेढा,
फुंकर मारायची भीती वाटते.
आणि एक ओतीव, कडेला ओघळ तसाच:
अक्षरं नाहीत त्यावर, अक्षरांसारख्या काड्या.
ज्यानं केलं त्याला वाचता येत नव्हतं.
खपलं असणार. कडा बोटांनी गुळगुळीत झाल्यात.

परवा बुधीबाय आली. पाटी रिकामी, पाय टाकून बसली.
"याचा काय येयाचा तवा?"
माहीत नाही म्हणालो.
एक बोंबील? अर्धा? दिव्यापुरतं तेल?
ती हसली. "आमचा भोकाचा पैसा व्हता.
सुतलीत ववून गल्यात घालायचो. एवरा."
अंगठा आणि तर्जनी हवेत धरली.
मला काय सुचलं कोण जाणे,
व्हर्नियरचे आतले जबडे त्या फटीत नेले,
अलगद उघडले, दोन्हीकडे कातडी लागेपर्यंत.
एकवीस पूर्णांक तीन.
रात्री तक्त्यात पाहिलं.
एकवीस पूर्णांक तीन.

सत्तर वर्षं तिनं तो पैसा पाहिला नाही.
तिच्याकडे नाव आहे आणि बोटांत माप आहे.
माझ्याकडे वही.

सोमवारी अलिबागहून बाई येणार आहेत, सरकारी रजिस्टर घेऊन.
बुधीबायला सांगितलं, सगळं द्यावं लागतं.
ती वाटीकडे बघत होती.
"त्यो घासलेला मना दे.
त्यावर कोन नाय, त्याला कोन इचारनार?"

चौदा पूर्णांक चार. चौथा.
वहीत मी एकेचाळीस लिहिलेत.
पेनानं.